यूवरची चंद्रकोर

आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना 'बाई'च म्हणत. मिस, मॅडम हे सगळं नंतरचं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, नॉर्थ न्यूटन नावाच्या एवढ्याशा गावात, सत्त्याहत्तर वर्षांच्या एका म्हातारीला मी सात वर्षं मनातल्या मनात बाई म्हणत होते आणि हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तोंडावर त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी लागे, तिकडची रीतच तशी. दर वेळी माझी जीभ किंचित अडखळायची. इथे त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कुठे छापून आलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं.

2006 सालची गोष्ट. नवऱ्याला विचिटातल्या एका विमान कारखान्यात नोकरी लागली आणि नागपुरातल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नऊ वर्षं केलेली नोकरी सोडून मी त्याच्या मागोमाग गेले. माझा व्हिसा एच-फोर. म्हणजे तेव्हाच्या नियमाने राहा, खा, प्या, पण पगार घेऊ नका. पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. दुसऱ्या महिन्यात तेच डबे विषयवार लावले. तेव्हा नवरा घाबरला आणि म्हणाला, "बिनपगारी तर बिनपगारी, पण तू एखादी लायब्ररी गाठ."

विचिटाहून उत्तरेला गाडीने पस्तीस-चाळीस मिनिटांवर न्यूटन, आणि त्याला चिकटून नॉर्थ न्यूटन. तिथे 1887 साली स्थापन झालेलं बेथेल कॉलेज आहे आणि कॉलेजच्या आवारात मेनोनाइट लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज. तिथे स्वयंसेवक घेतात असं शेजारणीकडून कळलं. मेनोनाइट म्हणजे काय याची माझी माहिती एका चित्रपटापुरती होती: घोडागाडी, काळी टोपी, बायकांच्या डोक्याला पांढरं फडकं. पार्किंगमध्ये सगळ्या मोटारी बघून मी जरा हिरमुसलेच. पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घोडागाडीवाले आमिश. आमचे चुलत भाऊ. 1693 साली चूल वेगळी केली." इंग्रजीत त्या काय म्हणाल्या ते आता आठवत नाही, पण माझ्या कानांनी चूलच ऐकली.

बाई पगारी नव्हत्या, माझ्यासारख्याच स्वयंसेवक. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आणि त्यानंतर आठवड्यातले तीन दिवस इथे येणाऱ्या. पांढरे केस कानापाशी कापलेले, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ, आणि कानामागे पेन्सिल. दप्तरखान्यात पेन आणायला बंदी, सगळं पेन्सिलीने. माझ्या हातांकडे बघून त्यांनी आधी धुऊन यायला सांगितलं. मी हातमोजे मागितले. "ते फोटोंसाठी. कागदाला धुतलेला, कोरडा हात बरा. मोज्यात बोटांना काही कळत नाही आणि कागद फाटतो." मग त्यांनी माझ्यापुढे एक वही उघडली आणि वाच म्हणाल्या.

मला जर्मन येत होतं. निदान येतं असं मी अर्जात लिहिलं होतं. नागपुरात दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन सर्टिफिकेट मिळवलं होतं. वहीतलं पान मात्र वाचता येईना. एका ओळीत चाळीस-पन्नास उभ्या तिरप्या काड्या, जणू कोणी शेतात तुराट्या रोवून ठेवल्यात. मी पान उलटं तर धरलं नाही ना, अशीही शंका आली.

ती लिपी कुरेंट. जर्मन भाषकांचा जुना हात. छापील मजकूर वेगळ्या वळणाचा, त्याला फ्राक्टुर म्हणतात. तो चार दिवसांत जमतो. कुरेंट मात्र घाम काढते. तिच्यातला 'ई' आपल्याला ठाऊक असलेल्या 'एन'सारखा दिसतो. 'एस' लांबडा झाला की 'एफ' वाटतो. 'एच'ला वर एक फास आणि खाली एक. आणि 'एन' नि 'यू' अगदी सख्खे जुळे, दोन काड्यांचे. फरक इतकाच की यूवर एक बारीक चंद्र काढायचा, आपल्या 'बॅट'मधल्या बवर असतो अगदी तसाच. लिहिणारा घाईत असला की तो चंद्र अमावास्येला जातो.

पहिल्या आठवड्यात मी एका शेतकऱ्याच्या डायरीतली ओळ लावली आणि खूश होऊन बाईंना दाखवली. त्या दिवशीच्या नोंदीत दोनच शब्द होते, मी लिहिलं होतं: 'हान्स जळाला'. बाईंनी भिंग लावलं, कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या कागदावरच्या 'एन'वर एक छोटी चंद्रकोर काढली. हान्सचा 'हाउस' झाला. घर जळालं होतं. "हान्स वाचला," बाई म्हणाल्या आणि आपल्या कामाला लागल्या.

पुढे सात वर्षं आमचा पाठ असाच चालला. मी लिप्यंतर करायची, त्या तपासायच्या. चूक कधी सांगायच्या नाहीत. पेन्सिलीची एक खूण करून कागद परत सरकवायच्या.

ही लिपी वाचणारे आता थोडे उरलेत, आणि त्याला कारण आहे. बाईंच्या घरात तीन भाषा होत्या. जेवताना प्लाउटडिच, म्हणजे उत्तरेकडच्या खालच्या जर्मनची बोली, चर्चमध्ये शुद्ध जर्मन, बाहेर इंग्रजी. आमच्याकडे घरात नागपुरी, पुस्तकात पुणेरी आणि बाजारात हिंदी, तसंच. पण 1918 साली अमेरिका जर्मनीशी लढत होती, आणि मेनोनाइट एक तर जर्मन बोलणारे, वर बंदूक हाती न धरणारे. युद्धरोखे घेत नाहीत म्हणून काहींच्या चर्चवर पिवळा रंग फासला गेला. पुढच्या काही दशकांत भाषा चर्चमधून गेली आणि मग घरातूनही. नातवंडांच्या हाती आजोबांची पत्रं आली तेव्हा ती त्यांच्या लेखी नुसत्या काड्या होत्या.

हे बाई सांगत होत्या तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. दुपारची वेळ होती, बाहेर कॅन्ससचा तो बेभान वारा. मी त्यांना नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराबद्दल सांगितलं. माझे आजोबा मोडी वाचायचे. पणजोबांच्या वेळचे कागद, दोरा ओवून बांधलेले, एका लोखंडी ट्रंकेत होते. मला त्यांनी दोनदा शिकवायला घेतलं होतं: आधी पानभर रेघा ओढायच्या, मग हात न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लोंबवत जायचं. मला कंटाळा आला. 1994 साली आजोबा गेले, घर रिकामं करायचं ठरलं आणि ट्रंकेतले कागद रद्दीत गेले. सव्वाचार किलो भरले. वजनकाट्याशी मी उभी होते. आणि मी तेव्हा बी.लिब.ला होते.

बाईंनी सांत्वन केलं नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. थोड्या वेळाने त्या मायक्रोफिल्मच्या कपाटाकडे गेल्या आणि ब्राउनची गोष्ट सांगितली. पीटर ब्राउन हा आजच्या युक्रेनमधल्या मोलोच्ना वसाहतीतला शिक्षक. रशियातल्या मेनोनाइट वसाहतींचे कागद त्याने गावोगावहून गोळा केले: योहान कॉर्नीस या मातबर शेतकऱ्याचा पत्रव्यवहार, शाळांचे अहवाल, झाडं लावल्याचे हिशेब. 1929 साली सोव्हिएत सरकारने ते सगळं जप्त केलं. ब्राउनचं दप्तर नष्ट झालं असंच सगळे धरून चालले. 1990 मध्ये ओडेसाच्या सरकारी दप्तरखान्यात टोरोंटोच्या हार्वी डिक यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती ते लागलं. जवळजवळ होतं तसं. "वसाहतीतच राहिलं असतं तर युद्धात जळून गेलं असतं," बाई म्हणाल्या. "ज्यांनी हिरावून नेलं त्यांच्याच फडताळात ते वाचलं." आणि मग रोखून बघत: "तुझं नाही वाचलं. दुसऱ्याचं वाच."

एखादीला हे तोडून बोलणं वाटेल. मला त्या दिवशी कोणीतरी कामावर घेतल्यासारखं वाटलं.

या लोकांचा इतिहास म्हणजे पेटी भरण्याचा इतिहास. 21 जानेवारी 1525 ला झुरिचमध्ये काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, कारण तान्ह्या पोराला श्रद्धा कुठली, जाणत्या वयात माणसाने स्वतः ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी लिमाट नदीत बुडवून मारलं. मेनो सायमन्स हा फ्रीसलंडमधला कॅथलिक पाद्री. 1536 मध्ये तो जुनं चर्च सोडून त्यांच्यात आला आणि त्याचं नाव सगळ्यांना चिकटलं. छळाला कंटाळून नेदरलंडमधले अनेकजण पोलंडकडच्या विस्चुला नदीच्या मुखाशी गेले. दलदल उपसून शेती करणं त्यांना डच रक्तामुळे येतच होतं. पुढे तो मुलूख प्रशियाकडे आला, आणि सैन्यात जात नाहीत म्हणून त्यांच्या नव्या जमीनखरेदीवर निर्बंध आले. तेवढ्यात रशियाची राणी कॅथरीन परदेशी शेतकऱ्यांना बोलावत होती. 1789 मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा, 1804 पासून मोलोच्ना. कुटुंबामागे 65 देस्यातीन जमीन आणि सैन्यातून कायमची सूट. कायमची म्हणजे किती, ते 1870 च्या सुमाराला कळलं. सरसकट लष्करभरतीची भाषा सुरू झाली आणि पेट्या पुन्हा बाहेर निघाल्या. 1873 च्या उन्हाळ्यात बारा जणांचं शिष्टमंडळ अमेरिका नि कॅनडाची जमीन चाचपून आलं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे 18,000 माणसं निघाली: दहाएक हजार अमेरिकेत, बाकीची कॅनडाच्या मॅनिटोबात.

बाईंची मंडळी अलेक्झांडरवोल गावची. हे नाव मला फार आवडतं. त्यांचे पूर्वज 1820 मध्ये प्रशियातल्या प्शेखोव्कोहून रशियाकडे निघाले असताना वाटेत झार पहिला अलेक्झांडर भेटला आणि त्याने 'भलं होवो' म्हणून निरोप दिला, म्हणून गावाला त्याचं नाव, असं सांगतात. 1874 मध्ये ते जवळजवळ सगळं गाव, आठशेच्या आसपास माणसं, त्यांचा वडील धर्मसेवक याकोब बुलर याच्यासकट सिंब्रिया आणि ट्युटोनिया या दोन बोटींनी अमेरिकेला आलं. सँटा फे रेल्वेला रुळांच्या दुतर्फा मिळालेली लाखो एकर जमीन विकायची होती. तिने या लोकांना उतरायला लांबच लांब लाकडी चाळी बांधून दिल्या. ते वर्ष कॅन्ससमध्ये टोळधाडीचं होतं. आधीचे शेतकरी बैलगाड्या जुंपून पळत होते आणि हे लोक जमीन विकत घेत होते.

या मंडळींबरोबर त्यांची वहीही फिरली. चर्चची नोंदवही: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण. प्शेखोव्कोच्या त्या जुन्या वहीची मायक्रोफिल्म बाईंनी मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा आडनावांची चणचण बघून हसू आलं. बुलर, श्मिट, उन्रू, फोट, राट्सलाफ, वेडेल. फिरून तीच. पहिली नावंही तशीच मोजकी. त्यामुळे एकेका गावात सात-सात पीटर श्मिट. आता कॅलिफोर्नियातल्या मेनोनाइट इतिहास मंडळींनी दहा लाखांहून जास्त नावांची वंशावळीची संगणकी यादी केली आहे आणि प्रत्येकाला एक नंबर दिलाय. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून होतं 'ग्रँडमा'. पीटर श्मिट अडला की बाई म्हणायच्या, "आजीला विचार."

त्या वह्यांमध्येच मी माझी सगळ्यात मोठी चूक केली. एका वसाहतीच्या कुटुंबनोंदी संगणकावर चढवण्याचं काम होतं. एका घरात दोन-दोन वर्षांच्या अंतराने तीन आना सापडल्या. आई-बाप तेच. नऊ वर्षं कॅटलॉगिंग केलेल्या माणसाला अशी दुबार नोंद दिसली की हात शिवशिवतात. मी दोन आना पुसल्या. अशा आणखी सोळा-सतरा 'दुबार' नोंदी दोन दिवसांत साफ करून मी बाईंना अभिमानाने सांगायला गेले.

बाईंनी मला मूळ पानाशी नेलं. पहिल्या आनाच्या नावापुढे बारीक क्रॉस होता. दुसरीच्याही. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं. तीन आना म्हणजे चूक नव्हती, तीन मुली होत्या आणि त्यातली एकच वाढली. बाप्तिस्मा अठरा-वीस वर्षांचं झाल्यावर व्हायचा, त्यामुळे लहानपणी गेलेल्या मुलांची बाप्तिस्म्याच्या यादीत नोंद नसायची. त्यांचं या जगातलं नाव तेवढंच, त्या घराच्या पानावर एका ओळीचं. मी ते पुसलं होतं.

तीन संध्याकाळी बसून मी एकेक नाव परत चढवलं. बाई थांबायच्या, बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून झ्विबाख आणले. हा त्यांचा रविवारचा पाव, लोण्याचा, मोठ्या गोळ्यावर लहान गोळा बसवून भाजलेला. खरपूस वाळवला की महिनोन्‌महिने टिकतो. बोटीवर पोती भरून हाच नेला होता. मी दुसऱ्या आठवड्यात सांबारवडी करून नेली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे सांगताना माझी तारांबळ उडाली, कारण तिथल्या एका प्राध्यापकांनी विचिटातल्या हॉटेलात इडलीबरोबरचं सांबार खाल्लं होतं.

गव्हाची गोष्ट सांगायला हवी, कारण कॅन्ससमध्ये ती शाळेतल्या पोरालाही पाठ असते. रशियातून निघताना प्रत्येक मेनोनाइट घराने ट्रंकेत टर्की रेड गहू आणला. आना बार्कमन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने एकेक दाणा निवडून घेतला. आणि त्या मूठमूठ दाण्यांतून कॅन्सस हे गव्हाचं कोठार झालं. न्यूटनमध्ये मेनोनाइट शेतकऱ्याचा उंच दगडी पुतळाही आहे. बाईंच्या घराण्यातही अशी एक ट्रंक होती. मी प्रदर्शनासाठी ही कथा लिहून काढली. अगदी डोळ्यांत पाणी आणणारी झाली होती.

बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "ट्रंकेत किती मावतो?" मग हिशेब मांडायला लावला. एकरी बियाणं किती, ट्रंका किती, एवढ्या बियाण्यात पहिल्या वर्षी किती जमीन पेरता आली असती. त्यातून राज्य भरायचं तर केवढी वर्षं लागली असती. इतिहासकारांनीही या कथेबद्दल शंका काढल्या आहेत. हा कडक गहू जुन्या दगडी जात्यांना नीट दळता येत नव्हता, त्याला रोलरच्या गिरण्या यायला लागल्या. बर्नहार्ड वार्केंटिन हा 1872 मध्येच आलेला गिरणीवाला. त्याने नंतर रशियाकडून बियाणं मागवलं, आणि पुढे सरकारी धान्यतज्ज्ञ मार्क कार्लटन यानेही रशियात जाऊन कडक गव्हाच्या जाती आणल्या. "म्हणजे तुमच्या पणजीने ट्रंकेत गहू आणलाच नाही?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "आणला असेल. दर थँक्सगिव्हिंगला ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर मीच सांगते. टेबलावर सांगायची. कॅटलॉगात लिहायची नाही."

त्याच प्रदर्शनाच्या मजकुरात मी लिहिलं होतं की मेनोनाइट 'रिकाम्या' माळरानावर आले. त्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ आली. समासात फक्त एक आकडा: 1873. मला कळेना. शोधत बसले तेव्हा दोन दिवसांनी उमगलं. या राज्याला ज्यांचं नाव आहे त्या कान्सा, म्हणजे कॉ, लोकांना 1873 मध्ये इथून शंभरेक किलोमीटरवरच्या काउन्सिल ग्रोव्हजवळच्या त्यांच्या उरल्यासुरल्या जमिनीवरून उठवून दक्षिणेकडे इंडियन टेरिटरीत पाठवलं होतं. आणि 1874 मध्ये अलेक्झांडरवोलचे लोक आगगाडीतून उतरले. चार राज्यांतून हुसकलेल्या लोकांच्या वंशातली ही बाई; स्वतःच्या माणसांच्या हालांच्या वह्या आयुष्यभर जपणारी. पण 'रिकाम्या' हा शब्द त्यांनी राहू दिला नाही. आपल्याकडच्या घराण्यांचे इतिहास लिहिणाऱ्या कितीजणांच्या पेन्सिलीला एवढी टोकं असतात, देव जाणे.

माझा उपयोग त्यांना एकदाच झाला. बेथेलच्या दप्तरखान्यात जनरल कॉन्फरन्स मेनोनाइटांच्या परदेशी मिशनचे कागद आहेत. एके दिवशी बाईंनी एक खोका माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हा मालगुजार कोण? बऱ्याच पत्रांत येतो, आणि दर वेळी वेगळ्या गावात राहतो." मी पत्राचा मथळा पाहिला. चांपा, सी. पी., इंडिया. मला उठून उभं राहावंसं वाटलं. सी. पी. म्हणजे आमचा मध्य प्रांत. राजधानी नागपूर. छत्तीसगडचा तो भाग तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून चालत होता आणि मालगुजार हे माणसाचं नाव नव्हे, गावाचा वसूल भरणारा मालक, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी त्यांना मालगुजारापासून पटवारी, कोतवाल, लाख आणि आणेवारीपर्यंत सगळं समजावून दिलं. त्या दिवशी पेन्सिल माझ्या हातात होती.

पी. ए. पेनर आणि जे. एफ. क्रोकर ही दोन जोडपी 1900 च्या अखेरीस मुंबईला उतरली होती आणि चांपा नि जांजगीर इथे त्यांनी काम सुरू केलं. चांप्याचं कुष्ठरोग्यांसाठीचं बेथेस्डा हे त्यातलंच. त्याआधी, विक्रम संवताच्या छप्पन सालच्या दुष्काळात, बेथेल कॉलेजच्या स्थापनेत पुढाकार घेतलेले न्यूटनचे डेव्हिड गर्ट्झ मदतीचं धान्य घेऊन हिंदुस्थानात आले होते. तो दुष्काळ आमच्या आजीच्या बोलण्यात असायचा. तिच्या सासूने त्या वर्षी चिंचेचा पाला आणि चिंचोके शिजवले होते म्हणे. मी हे बाईंना सांगितलं. 'ख्रिस्टलिखर बुंडेसबोटे' या त्यांच्या जर्मन वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत आम्ही दोघी मग हिंदुस्थानातून आलेली पत्रं शोधत बसलो. धान्य माझ्या त्या पणजीच्या ताटात पडलं असेल असं मुळीच नाही. ती वऱ्हाडात होती. बाईंना मी हे आपणहून सांगितलं, त्यांनी विचारायच्या आत. त्या हसल्या. फार क्वचित हसायच्या.

तरी एक गोष्ट मनात राहिली. त्या पत्रांमधून दिसणारे छत्तीसगडचे लोक सगळे पेनरसाहेबांच्या डोळ्यांतून दिसतात: दुष्काळाने खंगलेले, उपकृत, किंवा हट्टी. त्यांनी स्वतः लिहिलेलं त्या खोक्यात मला काही सापडलं नाही. मी बाईंना म्हटलं, "इथेही रिकाम्या जमिनीसारखंच आहे." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे यादीच्या वर्णनात लिही." आणि मी लिहिलं.

2013 मध्ये सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही नागपूरला परतलो. निघण्याच्या आदल्या दिवशी बाईंनी घरी फास्पाला बोलावलं. फास्पा म्हणजे त्यांचं रविवारचं दुपारचं हलकं खाणं: झ्विबाख, चीज, मुरांबा, कॉफी. त्यांनी मला भिंग दिलं. त्यांच्या वडिलांचं, पितळी मुठीचं. मी पैठणीच्या काठाची एक पिशवी दिली. वाकून नमस्कार केला तेव्हा काहीतरी पडलं असेल म्हणून त्याही वाकल्या, आणि आमची डोकी आपटली.

पुढे पत्रव्यवहाराची एक पद्धत पडली. बाई पोस्टकार्ड पाठवायच्या, कुरेंटमध्ये. तिथे उठवळ गप्पांना जागाच नसायची: पाऊस किती पडला, गहू कापला की नाही, कोण गेलं. मी ते लावून लिप्यंतर टाइप करायची आणि कागद पोस्टाने परत पाठवायची. महिन्या-दीड महिन्याने तो तपासून यायचा. ई-मेल दोघींकडेही होता. त्याचा उल्लेख कोणी केला नाही.

2015 च्या ऑगस्टमध्ये आलेलं कार्ड नेहमीपेक्षा कठीण गेलं. काड्या थरथरल्या होत्या. शेवटची ओळ मी लावली: 'हान्स विकतोय, शरदात.' हा हान्स कोण, ते कळेना. शेजारचा कोणी शेतकरी असेल, गहू विकत असेल, किंवा ट्रॅक्टर. टाइप करून मी कागद धाडून दिला. खाली एक ओळ जास्तीची लिहिली, हान्सला माझा नमस्कार सांगा म्हणून.

उत्तर यायला फेब्रुवारी उजाडला. पाकीट बाईंच्या भाचीकडून होतं. बाई डिसेंबरात वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि जानेवारीत वारल्या. त्यांच्या सामानात माझा पत्ता लिहून तयार ठेवलेलं हे पाकीट सापडलं, तेवढं तिकीट लावायचं राहिलं होतं, असं भाचीने लिहिलं होतं. आत माझंच लिप्यंतर. पूर्ण तपासलेलं, दोन स्वल्पविराम दुरुस्त केलेले. माझ्या नमस्काराला हात लावलेला नव्हता. शेवटच्या ओळीत हान्सच्या 'एन'वर पेन्सिलीची एक चंद्रकोर होती.

हाउस. जर्मनमध्ये 'विकतो' आणि 'विकलेलं' याचं रूप तिथे एकच. घर विकलं, शरदात.

मी कपाटातून मूळ कार्ड काढलं, खिडकीशी नेलं आणि पितळी मुठीचं भिंग लावलं. यूवर चंद्र होता. केसाएवढा बारीक, डावीकडे कलंडलेला, पण होता.